जुन्या वाड्यातली ओल: इंदुरातलं घर दुरुस्त करताना काय आधी, काय नंतर

इंदुरात वर्षाला सरासरी ३५ ते ३८ इंच पाऊस पडतो. कोकणाच्या मानाने हा काहीच नाही, आणि म्हणूनच जुन्या इंदुरात राहणारे आपण भिंतीवरची ओल वर्षानुवर्षं चालवून घेतो. कॅलेंडर टांगून डाग झाकतो, दिवाळीला रंग देतो, पुढच्या श्रावणात पुन्हा पोपडे. पण इथला पाऊस चार महिन्यांत सारखा वाटून येत नाही. आठवडाभर उघडीप, आणि मग एका रात्रीत चार-पाच इंच. जुनं घर सहसा त्या एका रात्रीत हरतं.

आमचं घर रामबागेजवळचं. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर पातळ विटांच्या दीड फूट जाड भिंती, सागवानी खांब आणि तुळया, कडीपाट (लाकडी कड्यांवर फळ्या घातलेलं छत), मागच्या भागावर कवेलू म्हणजे मातीची कौलं, आणि पुढच्या भागावर चुन्याची गच्ची. वीसेक वर्षांपूर्वी एका ठेकेदाराच्या सल्ल्याने आम्ही तळमजल्याच्या ओल्या भिंतींना चार फूट उंचीपर्यंत सिमेंटचं पक्कं पलस्तर करून घेतलं, त्यात वॉटरप्रूफिंगचं केमिकलही घातलं. दोन पावसाळे भिंत कोरडी दिसली. तिसऱ्या वर्षी ओल सिमेंटच्या वर, सहा-सात फुटांवर जाऊन बाहेर पडली. शेवटी ते पलस्तर फोडलं तेव्हा मागची वीट बोटाने खरवडली तरी भुगा होत होती. ते बघून फार वाईट वाटलं, कारण शंभर वर्षं टिकलेली ती वीट आम्ही स्वतःच्या पैशाने खराब केली होती. दुरुस्ती काढणाऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

जुनी भिंत कशी चालते

आजची आरसीसी इमारत पाणी बाहेर थोपवते. जुनी चुन्या-मातीची भिंत तसं करत नाही. ती थोडं पाणी पिते आणि ऊन पडलं की परत सोडते. जमिनीतलं पाणी बारीक छिद्रांमधून वर चढतं, जोत्यात ओलरोधक थर नसल्याने ते चढणारच, पण दोन-तीन फुटांच्या आत वाफ होऊन उडून जातं. विटांमधला चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असल्यामुळे पाणी तिथून बाहेर पडतं. त्याच्याबरोबर आलेले क्षारही चुन्यातच साठतात, वीट वाचते. आपण ज्याला लोणा लागणं म्हणतो ते हेच.

अशा भिंतीवर सिमेंट चढवलं की वाफ अडते. पाणी मग मोकळी जागा सापडेपर्यंत वर चढत जातं आणि क्षार विटेच्या पोटात स्फटिक होऊन तिला आतून फोडतात. प्लास्टिक पेंट, टाइल्स, इपॉक्सी यांचंही तेच. म्हणून कामाचा क्रम असा धरा: आधी पाण्याला वाट, मग छप्पर, मग सांधे, मग जमीन, मग गिलावा. डब्यातलं केमिकल सगळ्यात शेवटी, आणि तेही जिथे खरोखर लागतं तिथेच.

पायरी १: पावसात घर वाचा

दुरुस्तीची सुरुवात कोरड्या दिवसांत करू नका. ऑगस्टपासून अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) निघेपर्यंत भिंती सगळ्यात जास्त प्यायलेल्या असतात. त्या काळात एका वहीत प्रत्येक खोलीचा साधा नकाशा काढा आणि ओलीची कड पेन्सिलीने भिंतीवरच आखून शेजारी तारीख लिहा. दर आठवड्याला पुन्हा आखा. महिनाभरात भिंत स्वतःच सांगते पाणी कुठून येतंय.

खालून चढणारी ओल आडव्या पट्ट्यासारखी असते, वरच्या कडेला पांढरा लोणा असतो आणि ती उन्हाळ्यातही पूर्ण जात नाही. छपरातून येणारी ओल पावसानंतर काही तासांत दिसते, वरून खाली ओघळते, पिवळट-तपकिरी कड सोडते. बाजूने मारा खाल्लेली भिंत बहुतेक पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची असते, कारण आपल्याकडे पावसाळी वारा तिकडूनच येतो. तिथे डाग खिडक्यांच्या कोपऱ्यांत आणि भेगांच्या कडेने असतात. आणि चौथी ओल नळाची. ती पाऊस-उन्हाशी देणंघेणं न ठेवता बारमाही वाढत जाते.

नळाच्या ओलीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो आहे. इंदुरात नर्मदेचं पाणी १९७८ च्या सुमारास आलं. त्याआधी बांधलेल्या वाड्यांत नळ, संडास, न्हाणीघरं सगळं मागाहून, भिंती फोडून घातलेलं आहे. त्यातले कितीतरी जुने लोखंडी पाइप आजही भिंतीत सडत आहेत. रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याची पातळी खडूने आखा, सकाळी बघा. उतरली असेल तर आधी प्लंबर, मग मिस्त्री.

अजून एक सोपी परीक्षा. फूटभर लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर दोन दिवस चिकटवा. थेंब प्लास्टिकच्या मागे जमले तर ओल भिंतीतली आहे. पुढच्या बाजूला जमले तर खोलीतली दमट हवा थंड भिंतीवर बसते आहे, आणि त्याला पलस्तर नव्हे, खिडकी उघडणं हा उपाय आहे. दगडी तळघरांत आणि मागच्या अंधाऱ्या खोल्यांत हे फार सापडतं.

ओल्या भिंतीतले स्विचबोर्ड याच वेळी नोंदवा. घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बाकी कशाचीही वाट न बघता तो आधी बसवून घ्या.

पायरी २: वजनाचा हिशेब

ही पायरी लोक गाळतात आणि इथेच जिवावर बेतू शकतं. जुन्या इमारतींचा अनुभव असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर एकदा बोलवा. तो येण्याआधी तुम्ही स्वतः एवढं करा: प्रत्येक तुळईचं भिंतीत गेलेलं टोक सुईने किंवा बारीक स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. सुई सहज आत गेली तर ते टोक कुजलंय किंवा वाळवीने खाल्लंय. मधली तुळई ठणठणीत आणि टोक पोकळ हे दृश्य मी अनेक घरांत पाहिलंय, कारण ओल्या भिंतीत दडलेलं तेच असतं. नवीन टोक जोडलं तर भोवती सिमेंट ठासू नका, बोटभर हवा खेळती ठेवा.

मग गच्चीवर एका कोपऱ्यात फूटभर चौकोन खोदून किती थर आहेत ते मोजा. आमच्याकडे मूळ चुन्याच्या कोब्यावर सिमेंटचा कोबा, त्यावर डांबरी कागद, त्यावर टाइल्स असे नऊ इंच निघाले. गळलं की वरून एक थर, हीच पद्धत होती. दहा फूट बाय दहा फूट खोलीवर साडेचार इंच वीट-तुकड्यांचा कोबा म्हणजे सुमारे दोन टन वजन. खालच्या कडीपाटाने ते कधी मागितलं नव्हतं. हजार लिटरची टाकी म्हणजे आणखी एक टन. ती भिंतीच्या माथ्यावर आडव्या गर्डरवर ठेवा, कडीपाटाच्या मध्यावर कधीच नाही.

त्यामुळे आधी उतरवायचं, मग चढवायचं. मागाहून चढवलेले थर हलक्या हाताने काढा. ब्रेकर मशीन लावू देऊ नका, तिच्या हादऱ्याने खालच्या खोलीचा गिलावा आणि कड्यांचे सांधे दोन्ही सुटतात. छिन्नी-हातोडी आणि वेळ.

पायरी ३: पाण्याची वाट

माझ्या मते निम्मी ओल इथेच सुटते आणि खर्च सगळ्यात कमी. गच्चीवर एका भर पावसात छत्री घेऊन उभे राहा आणि पाणी कुठे जातंय ते बघा. कुठे तळं साचतंय तिथे खडूऐवजी वीट ठेवून खूण करा. पाच फुटांना एक इंच उतार असायला हवा. मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका, पाण्याच्या पारदर्शक नळीने लेव्हल काढून भिंतीवर दोऱ्याच्या खुणा मारून घ्या.

पाणी जायला किमान दोन पाइप, चार इंचांचे. एकच असेल आणि तो पिंपळाच्या पानांनी तुंबला तर गच्ची हौद होते आणि तो हौद कडीपाटाच्या डोक्यावर असतो. प्रत्येक तोंडाला जाळी, आणि कठड्यात गच्चीपासून दोन-तीन इंचांवर एक जादा भोक, म्हणजे दोन्ही पाइप तुंबले तरी पाणी रस्त्यावर दिसेल आणि कळेल.

जुन्या गल्ल्यांमधली अडचण म्हणजे शेजार. आपलं घर दोन मजली, शेजारी नवी चार मजली बिल्डिंग. दोघांच्या मधे तीन-चार इंचांची फट. वरच्या बिल्डिंगच्या भिंतीवरचं सगळं पाणी त्या फटीत उतरतं आणि तिथे ना ऊन, ना वारा. आतून काहीही केलं तरी ही ओल जात नाही. उपाय एकच: फटीच्या तोंडावर जस्ताच्या पत्र्याची किंवा अॅल्युमिनियमची टोपी, जिची एक बाजू शेजारच्या भिंतीत खाच पाडून बसवलेली आणि दुसरी आपल्या कठड्यावर मोकळी उतरलेली. दोन्हीकडे घट्ट आवळली तर दोन इमारती वेगवेगळ्या हलताना ती फाटते. यासाठी शेजाऱ्यांशी बोलावं लागतं, त्यांच्या भिंतीला हात लावायची परवानगी लागते. भांडण होण्याआधी, उन्हाळ्यात, चहाला बोलावून बोला. खर्च अर्धा-अर्धा झाला तर उत्तम, नाही झाला तरी आपण करून टाकावा.

पायरी ४: छप्पर

कवेलूचं छप्पर असेल तर सोपं आहे, फक्त दरवर्षी हात मागतं. आजीच्या वेळी वैशाखात शाकारणी व्हायचीच. कवेलू उतरवायचे, फुटके बाजूला काढायचे, खालच्या पट्ट्या वाळवीसाठी तपासायच्या, आणि वळचणीकडून वर चढत पुन्हा लावायचे. आता कवेलू फेरणारी माणसं कमी झाली आहेत. तुमच्या ओळखीचा कुणी असेल तर त्याला होळीनंतरच सांगून ठेवा, मे महिन्यात तो सापडत नाही. जुने कवेलू फेकू नका, मोडणाऱ्या घरांमधून चांगले निवडून आणून साठा ठेवा. फुटक्या कवेलूवर सिमेंट लावणं म्हणजे पुढच्या वेळी शेजारचे चारही फोडणं.

कवेलूखाली पाणरोधक पडदा घालायचा असेल तर वाफ जाऊ देणारा निवडा. साधं काळं प्लास्टिक घातलं तर खालची लाकडं घामेजतात आणि कुजतात. दोन छपरं जिथे खोलगट मिळतात तिथली पन्हळ नेहमी गळते. ती रुंद करा, दोन्ही बाजूंनी कवेलूखाली किमान सहा-सहा इंच पत्रा आत जायला हवा.

चुन्याची गच्ची म्हणजे कडीपाटावर माती किंवा विटांचा थर आणि त्यावर चुन्याचा कोबा. ती दुरुस्त करायची तर त्याच भाषेत. वीट-खडी, चुना आणि सुर्की (विटेची भुकटी) यांचा कोबा तीन-चार इंच पसरून उतार धरायचा आणि लाकडी थाप्यांनी कुटायचा. दिवसभर नव्हे, सलग काही दिवस. गूळ-मेथीचं पाणी शिंपडत कुटत राहायचं, थर दाबून सुमारे पाऊण जाडीचा होईपर्यंत, थापी उसळून परत येईपर्यंत. पूर्वी यासाठी रांगेने बाया बसायच्या. आज ही मजुरी महाग पडते, मान्य. पण इंजिनिअरने वजनाला हो म्हटलं असेल तर याच्याइतकं टिकाऊ मला दुसरं दिसलेलं नाही. कुटून झाल्यावर किमान दहा दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा.

गच्ची आणि कठडा मिळतात त्या कोपऱ्यात काटकोन ठेवू नका. चार-सहा इंचांचा गोलसर वाटा करून थर कठड्यावर नऊ इंच चढवा आणि तिथे खाच पाडून आत घाला. गळणाऱ्या दहा गच्च्यांपैकी बहुतेक याच सांध्यावर गळतात, मधल्या भागात नव्हे.

गर्डर-फरशीचं छत आपल्या माळव्यात सगळीकडे आहे: लोखंडी गर्डर, त्यावर दगडी फरश्या, वर कोबा. इथे धोका गर्डर गंजण्याचा. खालून गर्डरच्या कडेचे पापुद्रे ठोकून बघा. गंज वरवरचा असेल तर तारेच्या ब्रशने खरवडून गंजरोधक प्रायमर. पापुद्रे जाड निघत असतील तर इंजिनिअर येईपर्यंत खाली टेकू द्या. वरचा कोबा काढून फरश्यांचे सांधे साफ करून भरायचे, मग पातळ उताराचा थर आणि त्यावर लवचीक कोटिंग. असं कोटिंग इथे आणि मागाहून टाकलेल्या आरसीसी स्लॅबवर चालतं. पृष्ठभाग कोरडा हवा, दोन कोट एकमेकांना आडवे-उभे, सांध्यांवर फायबरची जाळी. ऊन खाऊन चार-पाच वर्षांत ते पुन्हा मागतं, हे गृहीत धरूनच पैसे ठेवा.

ज्वाला लावून चिकटवायचा डांबरी मेंब्रेन मात्र लाकडी कडीपाट असलेल्या घरावर कुणी कितीही स्वस्तात दिला तरी नको. सुकलेलं सागवान, वर्षानुवर्षांचा कचरा आणि गॅसची ज्योत. १९८४ मध्ये राजवाडा जळाला ते या शहराने पाहिलंय. त्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी. लाकूड गेलं की दगड एकटा उभा राहतो.

काम झाल्यावर गच्चीत पाणी भरून दोन-तीन दिवस ठेवायची परीक्षा आरसीसी स्लॅबसाठी ठीक आहे. जुन्या कडीपाटावर ती करू देऊ नका. शंभर चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे सुमारे २३५ किलो. तीन इंच भरलं तर सातशे. त्याऐवजी नळीने एकेका भागावर अर्धा-अर्धा तास पाणी सोडा आणि खाली कुणीतरी बॅटरी घेऊन उभं राहा.

पायरी ५: कठडे, भेगा, खिडक्या, पिंपळ

कठड्याचा माथा बहुतेक सपाट असतो आणि पाणी तिथून भिंतीच्या पोटात जातं. त्याला गच्चीकडे उतार द्या, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच बाहेर काढा आणि खालच्या कडेला अर्ध्या इंचाची खाच ठेवा, म्हणजे थेंब भिंतीवर न ओघळता सुटून पडेल. छज्जे आणि खिडकीच्या खालची फळी यांनाही हीच खाच. इतकं छोटं काम, पण मिस्त्रीला सांगितल्याशिवाय तो करत नाही.

खिडकीची लाकडी चौकट आणि भिंत यांच्या फटीत सिमेंट भरलं तर लाकूड आखडल्यावर पुन्हा फट पडते. चुना आणि ताग ठासा, बाहेरून लवचीक सीलंटची बारीक रेघ.

भेगांच्या बाबतीत घाई नको. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आखडते. त्यामुळे काही भेगा मेमध्ये उघडतात आणि ऑगस्टमध्ये मिटतात. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची छोटी आडवी पट्टी लावून तारीख टाका. वर्षभरात पट्टी तुटली तर भेग जिवंत आहे, ती भरून उपयोग नाही, पायाकडे बघा. न तुटली तर खुशाल चुन्याने भरा.

पिंपळ. जुन्या कठड्यावर तो उगवतोच, आणि घरातली मोठी माणसं तो तोडू देत नाहीत. आमच्याकडेही हा प्रश्न आला. आईने आधी पूजा केली, एक फांदी कुंडीत लावून देवळाच्या आवारात दिली, मग माळ्याने तो काढला. रोप ओढून उपटू नका, मुळं दगड घेऊन बाहेर येतात. वरचा भाग कापा, सांधा उकरून मुळं शक्य तितकी काढा, उरलेल्या ताज्या कापावर तणनाशक परवानाधारक कीडनियंत्रणवाल्याकडूनच लावून घ्या. मुळं पूर्ण मेल्यावर, म्हणजे काही आठवड्यांनी, सांधा चुन्याने भरा. जिवंत मूळ आत ठेवून वरून सिमेंट केलं तर ते दुसरीकडून फोडून निघतं.

पायरी ६: जोतं आणि जमीन

जुन्या इंदुरातले रस्ते काँक्रीटवर काँक्रीट चढून वर आले आहेत. आमच्या ओसरीच्या तीन पायऱ्यांपैकी आता दीड दिसते. जोतं जमिनीत गेलं की रस्त्याचं पाणी थेट विटेला लागतं. रस्ता आपल्या हातात नाही, पण आपल्या हद्दीतली जमा झालेली माती, जुनी फरशी, राडारोडा उकरून दगडी जोत्याची मूळ कड पुन्हा मोकळी करता येते. जोत्याचा दगड किमान सहा-नऊ इंच दिसला पाहिजे.

घराभोवती तीन फूट रुंदीचा पट्टा घराकडून बाहेर उतरता करा. मुरूम कुटून त्यावर दगडी फरशी, सांधे चुन्याचे. काळ्या मातीत पायाजवळ पाणी मुरू देणं वाईट, आणि भिंतीला खेटून सिमेंटचा पक्का पट्टा ओतणंही वाईट, कारण मग खालची ओल फक्त भिंतीतून वर येऊ शकते. फरशी-चुन्याचा पट्टा हा या दोन्हीतला मधला मार्ग. छपराच्या पागोळ्या थेट या पट्ट्यावर पडू देऊ नका, खाली पन्हळ लावून पाणी नालीत न्या.

भिंतीला भोकं पाडून रसायन टोचायचा उपाय तुम्हाला नक्की सुचवला जाईल. एकसंध विटेच्या भिंतीत तो काही प्रमाणात चालतो. आपल्या जोत्यांमध्ये मात्र दोन बाजूंना घडीव दगड आणि मधे चिपा-मातीचं भरण असतं. रसायन त्या पोकळ्यांत वाहून जातं आणि सलग पडदा बनतच नाही. मी तरी त्यावर पैसे घालणार नाही.

पायरी ७: गिलावा

सिमेंटचं पलस्तर ओलीच्या रेघेच्या दीड फूट वरपर्यंत काढा. विटांमधले सांधे इंचभर खोल उकरा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून भरून घराबाहेर टाका. धुऊ नका, क्षार विरघळून परत आत जातात. मग थांबा. जाड भिंत ढोबळमानाने महिन्याला इंचभर वाळते. दोन्ही बाजू उघड्या असल्या तरी दीड फुटांच्या भिंतीला नऊ महिने. एवढं कुणालाच थांबता येत नाही, म्हणून ऑक्टोबरमध्ये उघडा, जमेल तितकं फेब्रुवारीपर्यंत वाळू द्या, आणि पहिला गिलावा क्षार ओढून घेण्यासाठी बळी जाणार हे मान्य करूनच लावा.

चुना तयार मिळाला तर उत्तम. स्वतः करायचा असेल तर कळीचा चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो उकळून उडतो आणि डोळे जाऊ शकतात. चष्मा, हातमोजे, मुलं लांब. विरलेला चुना चाळून पाण्याखाली किमान पंधरा दिवस मुरवा, महिनाभर मुरला तर लोण्यासारखा होतो. खालच्या ओल्या भागासाठी चुना १, सुर्की १, धुतलेली वाळू २ हे प्रमाण आमच्याकडे चाललं. सुर्की मऊ भाजलेल्या विटेचीच हवी, कडक काळपट विटेची भुकटी चुन्याशी धड जुळत नाही. गूळ आणि मेथी आम्ही सियागंजातून आणली, रात्रभर भिजवून त्याच पाण्यात गिलावा कालवला. याने तो चिकट होतो, हळू वाळतो आणि तडे कमी जातात. प्रत्येक मिस्त्रीचं माप निराळं, म्हणून आधी दोन फूट बाय दोन फूट नमुना करून पंधरा-वीस दिवस बघा.

भिंत आदल्या रात्रीपासून ओली ठेवा. अर्ध्या इंचापेक्षा जाड थर एकदम नको, दोन थरांत काही दिवसांचं अंतर. मग आठवडाभर गोणपाट आणि पाण्याचा फवारा. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक होतो, वेळ घेतो. मे महिन्याच्या लूमध्ये तो तडकतो आणि पावसात बसत नाही. ‘भाऊसाब, इसमें एक तगारी सीमेंट डाल दूं, जल्दी पकड़ लेगा’ असं मिस्त्री नक्की म्हणेल. तो मनापासून मदत करत असतो, पण तिथे ठाम राहा.

न्हाणीघर वरच्या मजल्यावर कडीपाटावर असेल तर शक्य तेव्हा खाली हलवा. नाहीच जमलं तर हीच एक जागा, जिथे मी आधुनिक वॉटरप्रूफिंग बिनदिक्कत वापरेन: हलका पाया, लवचीक कोटिंग भिंतीवर चार फूट, आणि सगळे पाइप उघडे, भिंतीबाहेरून.

रंग आतून-बाहेरून चुन्याचाच. दुधासारखे पातळ चार-पाच हात, प्रत्येकाआधी भिंत भिजवून. थोडा सरस किंवा डिंक घातला तर हाताला लागत नाही.

कधी काय

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नकाशा. ऑक्टोबरमध्ये पलस्तर फोडणं, वजन उतरवणं, इंजिनिअर. नोव्हेंबर ते जानेवारीत गच्ची, कठडे, फटी, पन्हळी, आणि घराभोवतीचा पट्टा. फेब्रुवारी ते मार्चअखेर गिलावा. एप्रिलमध्ये आरसीसी किंवा गर्डर-फरशीवरचं कोटिंग, कारण तेव्हा पृष्ठभाग खरोखर कोरडा असतो. मेमध्ये शाकारणी. मृग लागायच्या आत सगळ्या जाळ्या साफ आणि पाइपांमधून एकदा बादलीभर पाणी सोडून खात्री.

पहिल्या जोराच्या पावसात रात्री बॅटरी घेऊन माळ्यावर चढा, कड्यांच्या टोकांना हात लावून बघा. मग तीच जुनी वही काढून भिंतीवर नव्या रेघा आखायला सुरुवात करा. पहिल्या वर्षी नव्या गिलाव्यावर पांढरा लोणा उगवेल. घाबरून केमिकल मारू नका, भिंत साठलेले क्षार बाहेर टाकते आहे. कोरड्या ब्रशने झाडत राहा. आमच्याकडे पहिल्या वर्षी रेघ साडेतीन फुटांवर होती, दुसऱ्या वर्षी दोनवर आली. तळाचा फूट-दीड फूट गिलावा तिसऱ्या ऑक्टोबरमध्ये बदलावा लागला. त्यासाठी मुरवलेल्या चुन्याचा एक डबा पाण्याखाली झाकून जिन्याखाली ठेवलेलाच होता.